नमुना क्रमांक सात

कन्नडच्या घाटात जीप तापली, म्हणून
शेवटचे दोन किलोमीटर आम्ही
जाळ्या खांद्यावर टाकून चढलो.
खाली सोयाबीनमध्ये बाया खुरपं थांबवून बघत होत्या.
एकीनं विचारलंच,
"तळं कुठंय तिकडं?"
तळं नाही, मावशी.
ढग धरायचाय.
त्या बराच वेळ हसत राहिल्या.

तहसीन मॅडम अंबाजोगाईला वनस्पतिशास्त्र शिकवतात.
दर भादव्यात रजा टाकून येतात
आणि मोजकंच बोलतात:
पडतो तो पाऊस, तो सगळ्यांना दिसतो.
ढग नुसता बसतो, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही.
इथं, कड्याच्या ओठावर,
वर्षातून वीसेक रात्री तो बसतो.
त्यावर शेवाळ जगतं, दगडफूल जगतं,
आणि कड्याखालचा झरा, बहुतेक.
त्यांचं हे 'बहुतेक' खोडायला
आम्ही चौघं आलोत.

केरबा मानवतचा वायरमन, झाड दिसलं की चढतो.
हिंगोलीच्या दोघी सिस्टर
मोजपात्रं धरतात सलाईनसारखी, डोळ्याच्या रेषेत.
मी जालन्याचा,
बियाण्याच्या पाकिटांवर लॉट नंबर मारतो.
भत्ता नाही. प्रमाणपत्र आहे,
त्यावर माझं आडनाव चुकलंय.

रात्री ढग आला.
आधी समोरचा डोंगर गेला,
मग केरबाची बॅटरी,
मग माझाच हात.
पानापानांतून टप, टप,
झाडाखाली माती भिजत होती
आणि दोन पावलांवर, उघड्यावर,
धूळ तशीच कोरडी.
मी चारदा इकडून तिकडे गेलो,
चप्पल ओली, चप्पल कोरडी.
कुणी बघत नव्हतं हे बरं.

सकाळी सात जाळ्यांखाली सात बाटल्या.
सहा भरलेल्या, थोड्याथोड्या.
सातवीजवळ एक म्हातारा, काठी, कुत्रं,
आणि तोंड पुसणारा पंचा.

"कामून प्यालात, बाबा?"
"भरल्याली व्हती."
मग जरा थांबून, "गोड हाय. पर लई थोडं."

मला वाटलं मॅडम चिडतील.
त्यांनी विचारलं, किती घोट?
आखाडू बर्डेनं डोळे मिटून आठवलं:
"तीन माझे. एक ह्याचा."
कुत्र्यानं शेपूट हलवली.
मग सिस्टरनं साधं पाणी मोजून दिलं,
म्हणाली, तसाच घोट घ्या, मोठा नको,
आणि उरलेलं पुन्हा मोजलं.
सत्तावीस मिली.
मी लिहिलं, नमुना क्रमांक सात,
अंदाजे एकशे आठ.
शेरा: चार घोट, पैकी एक कुत्र्याचा, तोही तेवढाच धरला आहे.

आखाडू आम्हाला कड्यावर घेऊन गेला.
एक बुंधा, बाजेएवढा रुंद.
"हितं अंजन व्हतं. ते होतं तवर
झरा वैशाखात बी बोलायचा.
तोडलं, आन चैतातच गप झाला."
कुणी तोडलं?
"म्या."
खोपीच्या आढ्यासाठी.
एवढंच बोलून तो बुंध्यावर बसला
आणि कुत्र्याच्या कानातली गोचीड काढू लागला.

उठताना म्हणाला,
ढग आला की ते आढं अजून गार पडतं,
घाम येतो त्याला.
एक जाळी घरात लावता का?
केरबानं मॅडमकडे बघितलं.
मॅडम म्हणाल्या, हे शास्त्रात बसत नाही.
मग म्हणाल्या, लाव.

दुसऱ्या रात्रीही ढग बसला.
पहाटे खोपीत वाकून शिरलो.
आढ्यावर हात फिरवला, ओल लागली
बोटांना, खरोखर.
बाटली उजेडाकडे धरली,
दोनदा टकटक केली.
आखाडू दारात उभा, काही न विचारता.

तक्त्यात मी शून्य लिहिलं.
शून्यसुद्धा
मोजून लिहावं लागतं.